वर्षावास, भाईंदर पूर्व

२१ जुलै २०२४, रविवार, आषाढ पौर्णिमा

आजपासून वर्षावास. सकाळपासून पाऊस धरून आहे. नवघर रोडला घोटाभर पाणी, रिक्षावाले स्टेशनच्या पुढे यायला तयार नाहीत, तरी संध्याकाळी विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका पांढऱ्या साड्यांच्या निऱ्या हातात धरून आल्या. ग्रंथाच्या मेजावर धुतलेली पांढरी चादर, फुलं, मेणबत्त्या, अगरबत्ती. त्रिशरण, पंचशील, बुद्धपूजा, त्रिवंदना, भीमस्मरण झालं आणि बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ उघडला. आता आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी वाचन. रविवार माझ्याकडे आहे.

सासूबाईंच्या शेजारी समोरच्या चाळीतली नवी सून बसली होती. माहेर बौद्ध नाही, इथलं सगळं तिला नवीन. तिने हळूच विचारलं, “आजी, हात जोडल्यावर मनात मागायचं काय?” सासूबाई म्हणाल्या, “काही नाही मागायचं. इथं आपण द्यायचं असतं. शब्द.”

मी जन्मापासून बौद्ध, पण इतक्या थोडक्यात मला सांगता आलं नसतं. पंचशील म्हणजे वरून आलेला हुकूम नाही. जिवाची हिंसा करणार नाही, न दिलेलं घेणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटं बोलणार नाही, नशा करणार नाही, असा हा ज्याचा त्याने आपण होऊन दिलेला शब्द. मोडला तर शिक्षा करणारा कोणी नाही आणि माफ करणाराही नाही. पुन्हा द्यावा लागतो, म्हणून तर प्रत्येक वंदनेत त्रिशरणापाठोपाठ पंचशील. बुद्धाला शरण जायचं ते वाट दाखवणारा म्हणून. चालून तो देत नाही.

बौद्धाचार्यांनी आज वर्षावासाची कथा सांगितली. सारनाथला पाच परिव्राजकांना पहिला उपदेश झाला तो आषाढ पौर्णिमेलाच. पुढे भिक्खू बारमाही फिरू लागले, तेव्हा लोकांनी तक्रार केली की पावसाळ्यात कोवळं पीक तुडवलं जातं, बारीकसारीक जीव पायाखाली येतात. भगवंतांनी ती तक्रार ऐकून घेतली आणि पावसाचे तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घातला. शेतकऱ्यांच्या कुरकुरीतून संघाचा एवढा मोठा नियम निघाला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आपल्या काशिमिऱ्यामागे जे डोंगर दिसतात, त्याच रांगेत दक्षिणेला कान्हेरी आहे. शंभराहून जास्त लेणी. बऱ्याच लेण्यांत झोपायला दगडी बाक आणि बाहेर पाण्याची पोढी, म्हणजे दगडात कोरलेलं टाकं. पावसात थांबायची ती सोय. खर्च कोणी दिला ते भिंतींवर कोरलेलं आहे: सोपाऱ्याचे, कल्याणचे व्यापारी, त्यांच्या घरच्या बायका, भिक्खुणी. दान देणाऱ्यांत आमच्यासारखी कमावती माणसं होती.

२८ जुलै, रविवार

आजचं वाचन रोहिणी नदीचं. लहानपणी शाळेत आम्हाला म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी एवढीच गोष्ट शिकवली होती. बाबासाहेबांनी ग्रंथाच्या सुरुवातीलाच तिच्यावर शंका घेतली: एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिला नव्हता, हे कोणाला पटेल? त्यांनी कारण सांगितलं ते पाण्याचं. शाक्य आणि कोलीय यांच्यामधून रोहिणी वाहायची, आधी पाणी कोणी घ्यायचं यावरून दोन्हीकडच्या सेवकांत मारामारी झाली. शाक्यांच्या संघात सेनापतीने युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थ उभा राहिला आणि म्हणाला, आधी चूक कोणाची ते तरी बघू. आपले दोन, त्यांचे दोन, त्या चौघांनी निवडलेला पाचवा, या पाचांनी निवाडा करावा.

मतदान झालं आणि तो हरला. मग त्याच्यापुढे वाटा उरल्या त्या अशा: सैन्यात जा, नाहीतर फाशी किंवा हद्दपारी, तेही नको तर घरच्यांवर बहिष्कार आणि जमिनीची जप्ती. त्याने आपल्यापायी घरच्यांना झळ नको म्हणून परिव्रज्या घेतली.

वाचताना विहारात अगदी शांतता होती. पाण्यावरून भांडण म्हणजे काय ते भाईंदरकराला वेगळं समजवायला लागत नाही. आमच्या सोसायटीत ए विंग आणि बी विंग यांची जमिनीखालची टाकी एक, वरच्या टाक्या दोन. पालिकेचं पाणी कधी रात्री अकराला, कधी पहाटे. पंप आधी कोणाचा लावायचा यावरून परवा वॉचमनच्या कानशिलात बसली. त्या बिचाऱ्याचा काय दोष? सूर्या धरणातून मीरा-भाईंदरला दिवसाला २१८ दशलक्ष लिटर पाणी मंजूर आहे. ते येईल तेव्हा येईल. तोवर ही एक टाकी आणि दोन विंगा.

सासूबाईंचं माहेर माणगाव तालुक्यातलं. घरी परतताना म्हणाल्या, “आमच्याकडची जाणती माणसं महाडला गेली होती, चवदार तळ्यावर. तेही पाण्यासाठीच.” २० मार्च १९२७. तिथेही मुद्दा तहानेपुरता नव्हता, माणूस म्हणून बरोबरीने ओंजळ भरण्याचा होता. बाबासाहेबांना बुद्धाच्या चरित्रात रोहिणी इतकी ठळक का दिसली असेल, याचं उत्तर मला तरी महाडच्या वाटेवर सापडतं.

४ ऑगस्ट, रविवार

सोसायटीची मीटिंग. आवाज चढल्यावर मी उभी राहिले आणि ए विंगचे दोघं, बी विंगचे दोघं, त्या चौघांनी निवडलेला पाचवा असं सुचवलं. बी विंगच्या निवृत्त मास्तरांनी विचारलं, “ही कल्पना कुठली?” मी सांगितलं, ग्रंथातली. जैन आहेत ते, लगेच म्हणाले, “मग तर झालंच पाहिजे.”

पाचवी म्हणून सी-कॅबिनजवळ राहणाऱ्या, दोन्हीकडे शिकवणी घेणाऱ्या बाई निवडल्या. पंपाची वेळ एक दिवस ए आधी, एक दिवस बी आधी, आणि वही वॉचमनकडे. टँकरच्या बिलाचा वाद मात्र तसाच राहिला. वॉचमनची माफी मागायचं कोणाच्या तोंडातून निघेना. शेवटी त्या शिकवणीच्या बाईंनी ते ठरावात लिहायलाच लावलं. अडीच हजार वर्षांपूर्वी कपिलवस्तूत जो ठराव पडला, तो इथे बहुमताने पास झाला. मला रात्री नीट झोप लागली नाही, आनंदाने.

१५ ऑगस्ट, गुरुवार

सुट्टी. लेकीला घेऊन गोराईच्या विपश्यना पॅगोड्याला गेले. भाईंदर पश्चिमेहून बस मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी करत उत्तनला जाते, तिथून पुढे गोराई. मिठागरांत पावसाचं पाणी भरलेलं. उत्तनला काही होड्या अजून किनाऱ्यावर ओढलेल्याच होत्या.

लेकीने बसमध्ये विचारलं, पहिलं शील जिवाची हिंसा न करण्याचं, मग या कोळ्यांचं काय? आणि आपण बांगडा खातो त्याचं काय? प्रश्न खरा आहे आणि तो टाळू नये. बाबासाहेबांनी गरजेपोटी मारणं आणि मारण्याच्या इच्छेने मारणं यांत फरक केला आहे. अहिंसेला त्यांनी तत्त्व मानलं, आंधळा नियम केला नाही. सगळ्यांवर असं प्रेम करा की कोणाला मारावंसंच वाटू नये, असा त्यांचा रोख. मी लेकीला हेच सांगितलं, आणि हेही सांगितलं की तुला मासळी सोडावीशी वाटली तर जरूर सोड, पण सोडलीस म्हणून कोळणीला कमी लेखलंस तर ते शील राहणार नाही. उपोसथाला मी स्वतः मांसमच्छी घेत नाही, दुपारनंतर जेवत नाही, पांढरं नेसते, अष्टशील पाळते. तो माझा अभ्यास आहे. त्याचा निकष मी शेजाऱ्याला लावत नाही.

पॅगोडा लांबूनच दिसतो, सोनेरी, रंगूनच्या श्वेडगॉनच्या धाटणीचा. उंची ३२५ फूट. आतला घुमट २८० फूट रुंद आणि मध्ये एकही खांब नाही, एकात एक अडकवलेले दगड एकमेकांच्या भारावर उभे आहेत. आठ हजार माणसं ध्यानाला बसू शकतात. ८ फेब्रुवारी २००९ला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झालं. सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले, १९६९ला भारतात आले, १९७६ला इगतपुरीला धम्मगिरी सुरू केलं. शिबिर दहा दिवसांचं, मौन पाळायचं. आधी आनापान, म्हणजे येणारा-जाणारा श्वास नुसता पाहायचा, मग अंगावरच्या संवेदना पाहायच्या, शेवटी मैत्री. फी नाही. आम्ही शिबिर केलेलं नाही, म्हणून काचेआडून आत पाहिलं. एवढ्या मोठ्या जागेत शेदोनशे माणसं आपापला श्वास पाहत बसली होती. लेक बराच वेळ काचेला नाक लावून उभी होती.

आमच्या वस्तीत यावर दोन तट आहेत. काहीजण म्हणतात, विपश्यनेने माणूस थंड होतो, अन्याय पाहूनही डोळे मिटून बसतो. मला हे अर्धंच पटतं. सम्यक स्मृती आणि सम्यक समाधी हे अष्टांग मार्गाचेच भाग आहेत, ते टाकून मार्ग पुरा होणार नाही. गोएंकांच्या शिबिरातही पहिल्या दिवशी पंचशील घेतल्याशिवाय बसू देत नाहीत. पण आठ अंगांत सम्यक वाचा आहे, सम्यक कर्मान्त आहे, सम्यक आजीविका आहे. माझ्या मते ध्यानातून उठल्यावर माणूस घरकामाच्या बाईशी कसा बोलतो, तिथे त्याची परीक्षा होते. बाबासाहेबांनी लिहिलं आहे की माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही, दोघांचा संबंध आला की धम्म लागतोच. मी या बाजूची आहे.

७ सप्टेंबर, शनिवार

शेजारच्या वहिनींकडे गणपती. बावीस प्रतिज्ञांत गणपतीला देव न मानण्याची, पूजा न करण्याची प्रतिज्ञा आहे आणि ती मी पाळते. वहिनींकडे मात्र जाते. आरतीच्या वेळी बाहेरच्या खोलीत त्यांच्या सासऱ्यांजवळ बसते, चहा घेते, पाहुण्यांची पानं वाढायला मदत करते. वहिनी बुद्ध पौर्णिमेला आमच्याकडे खीर खायला येतात. त्यांना पहिल्या वर्षीच सरळ सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, “अहो, तुम्ही आलात ना!” लपवाछपवी केली असती तर दोघींनाही अवघड झालं असतं.

१५ सप्टेंबर, रविवार

सकाळी नालासोपाऱ्याला. भाईंदरहून खाडी ओलांडली की तिसरं स्टेशन. पश्चिमेला उतरून सोपारा गाव. बुरुड राजाचा कोट म्हणतात तो स्तूप. विटांचा ढिगारा, वर गवत, पुरातत्त्व खात्याची पाटी. बरोबर विहारातल्या बायका, दोन शाळकरी पोरं आणि ती नवी सून. वंदना घेतली आणि विटांना टेकून बसलो.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथे उत्खनन केलं. आत दगडी पेटी, तिच्यात ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती आणि एकात एक ठेवलेले करंडे: तांब्याचा, चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि सगळ्यांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंड्यात काय होतं? मातीच्या भांड्याची खापरं. भगवंतांच्या भिक्षापात्राची म्हणून जपलेली. आता ते सगळं मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे. पोरांना मी विचारलं, सोनं महाग की खापर? थोरला म्हणाला, “खापर. म्हणून तर सोन्यात ठेवलं.”

मग पूर्णाची गोष्ट सांगितली. पूर्ण सोपाऱ्याचा, व्यापारासाठी श्रावस्तीला गेला, भगवंतांचं ऐकलं आणि भिक्खू झाला. परत सुनापरान्तात, म्हणजे आपल्या या उत्तर कोकणपट्टीत, जायला निघाला. भगवंतांनी विचारलं, तिथली माणसं तापट आहेत. शिव्या दिल्या तर? पूर्ण म्हणाला, मी म्हणेन माणसं चांगली आहेत, हात तर उचलत नाहीत. हात उचलला तर? चांगली आहेत, ढेकळं मारत नाहीत. ढेकळं मारली तर? काठी तर चालवत नाहीत. काठी चालवली तर? शस्त्र तर नाही ना काढलं. जीवच घेतला तर? म्हणेन, कित्येकजण देहाला कंटाळून मरण शोधत फिरतात, मला ते न शोधता मिळालं. भगवंत म्हणाले, मग तू जायला लायक आहेस. पूर्ण आला आणि पहिल्याच वर्षावासात पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका त्याने धम्मात आणल्या, असं सुत्तात आहे.

याच सोपाऱ्याला समुद्रकाठी बाहिय राहायचा, झाडाच्या साली नेसून. लोक त्याला अर्हत समजून पुजायचे. आपण खरंच तसे आहोत का, या शंकेने तो श्रावस्तीपर्यंत चालत गेला आणि भिक्षेला निघालेल्या भगवंतांना त्याने रस्त्यातच गाठलं. उपदेश दोन-चार वाक्यांचा झाला: पाहशील तेव्हा नुसतं पाहणं असू दे, ऐकशील तेव्हा नुसतं ऐकणं. त्यात ‘मी’ला घुसवू नकोस. ध्यानाच्या शिबिरांत जे शिकवतात ते सगळं या दोन-चार वाक्यांत आहे, आणि ते ऐकणारा माणूस आपल्या किनाऱ्यावरचा होता.

अशोकाचा आठवा शिलालेख याच सोपाऱ्याला १८८२ मध्येच मिळाला. राजाने शिकारीच्या सहली सोडून धम्मयात्रा सुरू केल्या, हा त्याचा विषय. नववा लेख जवळच्या भुईगावला सापडला १९५६ साली. त्यात अशोक म्हणतो की आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना मंगलविधी करतात आणि त्यांचं फळ फारसं नसतं. खरा धम्मविधी म्हणजे दास आणि चाकर यांच्याशी नीट वागणं, थोरांचा मान राखणं, जिवांविषयी संयम. १९५६ साली नागपूरला जो धम्म लाखो माणसांनी हाती घेतला, त्याचा सारांश त्याच वर्षी आमच्या शेजारच्या मातीतून वर आला. योगायोग असेल. पण मला भुईगावचा तो दगड विहारातल्या प्रत्येक लग्नात, नामकरणात वाचून दाखवावासा वाटतो. आमच्यातही आता हॉल, डीजे, फुलांचं डेकोरेशन यांचा खर्च घर बुडवायला लागला आहे.

२० सप्टेंबर, शुक्रवार

भुईगावच्या लेखातले ‘दास आणि चाकर’ डोक्यातून जात नाहीत. मी स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात हिशेब लिहिते. भाईंदर पूर्वेला असे गाळे गल्लीगल्लीत आहेत. पत्रा कापायचा, प्रेसमध्ये दाबायचा, मग पॉलिश. पॉलिशवाली पोरं सकाळी माणसांसारखी येतात आणि दुपारपर्यंत कपाळापासून गळ्यापर्यंत काळी होतात, फक्त डोळे दिसतात. बफच्या चाकाची भुकटी आणि धातूची धूळ नाकातोंडात जाते. तोंडाला रुमाल, तोही तेलकट.

आज पगाराचं रजिस्टर लिहिताना शेटना विचारलं, यांना चांगले मास्क आणि गाळ्याला धूळ ओढणारा पंखा लावू या का. म्हणाले, “दिवाळीनंतर बघू.” मी तिथल्या तिथे अर्ज लिहिला, पोरांच्या सह्या, अंगठे घेतले आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. आवाज चढवला नाही. पूर्णाची गोष्ट नुकतीच सांगितली होती. ती गोष्ट गप्प बसायला शिकवत नाही, हे कोणीतरी ध्यानात घेतलं पाहिजे. पूर्ण तापट माणसांना टाळून श्रावस्तीला राहिला नाही, त्यांच्यात गेला.

२९ सप्टेंबर, रविवार

तळमजल्यावरच्या काकांचं पुण्यानुमोदन. परित्राणपाठ झाला, भंतेजींना भोजनदान, पांढऱ्या चादरीवर काकांचा फोटो. त्यांच्या सहा वर्षांच्या नातीने भंतेजींनाच विचारलं, “आजोबा आता कुठे आहेत?” सगळ्या बायकांनी तिला गप्प केलं. भंतेजींनी जवळ बोलावलं. समोरच्या मेणबत्तीवर दुसरी मेणबत्ती पेटवली आणि विचारलं, “या ज्योतीतून त्या ज्योतीत काही उडून गेलं का?” ती म्हणाली, “नाही.” “मग ही पेटली कशी?” ती विचारात पडली. भंतेजी म्हणाले, “आजोबांनी तुला काय काय शिकवलं?” सायकल, म्हणाली, आणि पाढे.

मिलिंद राजाला नागसेनांनी हाच दाखला दिला होता. बुद्धाने आत्मा मानला नाही. देह पृथ्वी, आप, तेज, वायू यांचा बनलेला, तो त्यांच्यात परत जातो. बाबासाहेबांनी या ठिकाणी फार काटेकोर लिहिलं आहे, कारण मागल्या जन्मीच्या पापाने तू खालच्या जातीत जन्मलास, हे सांगायला आत्मा आणि पुनर्जन्म दोन्ही लागतात. ते खांब काढले की ती इमारत उभी राहत नाही. आमच्या आजे-पणज्यांना पिढ्यानपिढ्या जे सांगितलं गेलं त्याला हे उत्तर आहे. अनात्म म्हणजे पुस्तकी कोडं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे एकदा गावकुसाबाहेरून पाहावं.

३ ऑक्टोबर, गुरुवार

रात्री टीव्हीवर बातमी. केंद्राच्या मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, आणि त्याच निर्णयात पालीलाही. प्राकृत, आसामी, बंगालीही आहेत. ग्रुपवर मराठीचे पेढे वाटले गेले. पालीचं कोणीच लिहीना, म्हणून मी लिहिलं. माझी बोली आणि माझी वंदना, दोन्हींचा एकाच दिवशी मान झाला.

पण आम्ही रोज पाली म्हणतो आणि आमच्यातल्या किती जणांना त्या ओळींचा अर्थ सांगता येईल? नव्या सुनेने परवा विचारलं तेव्हा बायका एकमेकींकडे बघू लागल्या. अर्थ न कळता म्हटलेलं पाठांतर हा तोच रस्ता आहे ज्यावरून आपण बाहेर पडलो. बौद्धाचार्यांशी बोलले. विहारात वर्ग सुरू करायचा. विद्यापीठात पाली शिकलेला एक मुलगा आमच्याच गल्लीत आहे, तो तयार आहे.

१४ ऑक्टोबर, सोमवार

परवा अशोक विजयादशमीला विहारात कार्यक्रम झाला, आज तारखेने. १४ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेबांनी नागपूरला भदन्त चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि मग स्वतः समोरच्या लाखो लोकांना त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. नंतर मुंबईत मोठा समारंभ व्हायचा होता. त्याआधीच ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले.

सासूबाई तेव्हा दहा वर्षांच्या. वडील परळच्या गिरणीत, राहायला नायगावच्या बीडीडी चाळीत. ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर चिता पेटत असताना भदन्त आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या लाखोंना दीक्षा दिली, त्या गर्दीत वडील होते. गावाला आले ते डोकं भादरून, पांढऱ्या सदऱ्यात. देव्हारा उचलला आणि काळ नदीवर नेला. आई रडत मागून गेली. सासूबाईंना एवढं आठवतं की वडिलांनी एकेक टाक हातात घेतला, त्याला नाव घेऊन हाक मारली आणि पाण्यात सोडला. शिवी नाही, फेकाफेकी नाही. परत येऊन म्हणाले, “आता मेलेलं ढोर ओढायचं नाही. बलुतं नाही मिळालं तरी चालेल.” बलुतं बंद झालंच. त्या वर्षी नाचणीची आंबील आणि रानातले कंद यांवर दिवस काढले. “पण बाबा सकाळी ताठ उभे राहायचे,” सासूबाई म्हणाल्या आणि स्वतःही खुर्चीत ताठ बसल्या.

गुडघे गेले आहेत, तरी त्या पंचांग प्रणाम खाली बसूनच करतात. मी धरायला गेले की हात झटकतात.

१७ ऑक्टोबर, गुरुवार, आश्विन पौर्णिमा

वर्षावास संपला. ग्रंथाची शेवटची पानं बौद्धाचार्यांनी वाचली, सगळ्यांनी तीनदा साधुकार दिला. भंतेजींना चिवरदान, मग सगळ्यांना खीर. नव्या सुनेने आज पहिल्यांदा पंचशील पुढे बसून दिलं. एका ठिकाणी अडली, थांबली, पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.

गाळ्यात मास्कचा खोका आला आहे. पंखा नाही. अर्जाची दुसरी प्रत उद्या देणार. बी विंगच्या टँकरचं बिल पाचजणांच्या समितीकडे आहे.

विहारात पालीचा वर्ग येत्या रविवारपासून, सकाळी दहा वाजता. सुरुवात पंचशीलाच्या अर्थापासून. फी नाही. वही आणि पेन आणावं. बौद्ध असलंच पाहिजे असं नाही, शेजारीपाजाऱ्यांनाही घेऊन यावं.